मिरजेचा तंबोरा आणि फ्री म्युझिक आर्काइव्ह : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नसलेल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आमचा चार जणांचा गट ध्वनिमुद्रण करतो. सतार, तबला आणि गायन तिघांकडे, तर मायक्रोफोन, संगणक आणि नोंदवही माझ्याकडे, अशी कामाची वाटणी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी त्या खोलीत शिरले तेव्हा वाद्ये आम्ही वेळेवर माडीवर हलवली. पण टेबलाच्या खालच्या कप्प्यातल्या दोन हार्ड डिस्क घाईत तिथेच राहिल्या आणि चार वर्षांचे काम चिखलात गेले. परत मिळाल्या त्या फक्त तीन रचना, कारण तेवढ्याच आम्ही आधी मित्रांना पाठवलेल्या होत्या. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की छोट्या कलाकाराचे संगीत जितक्या जास्त लोकांच्या हाती असेल तितके ते सुरक्षित असते, आणि ते कपाटात जपून ठेवण्याची आपली सवय त्याच्याच मुळावर येते. या विचारानेच मी मुक्त परवान्याच्या, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरता येणाऱ्या संगीताच्या, संग्रहांकडे वळलो. त्यांपैकी फ्री म्युझिक आर्काइव्ह आम्ही गेली दोन वर्षे ऐकणारे म्हणून आणि देणारे म्हणूनही वापरत आहोत. हे परीक्षण मुख्यतः त्याच सेवेचे आहे. ओघात सीसीमिक्सटर या दुसऱ्या सेवेविषयीही लिहावे लागेल.

फ्री म्युझिक आर्काइव्ह हा कलाकारांनी स्वतः मुक्त परवान्याखाली दिलेल्या संगीताचा संग्रह आहे. अमेरिकेतील जर्सी सिटी येथून चालणाऱ्या आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर उभ्या असलेल्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्राने तो २००९ मध्ये सुरू केला. एका रेडिओ केंद्राने हे काम अंगावर का घेतले, हे समजले की या सेवेचा स्वभावही समजतो. केंद्रावरून गाणे प्रक्षेपित करण्याचे हक्क केंद्राकडे असतात; पण तोच कार्यक्रम श्रोत्याला उतरवून घेण्यासाठी द्यायचा झाला की त्यातल्या प्रत्येक गाण्यासाठी नव्याने परवानगी मिळवावी लागते. ती दरवेळी मागत बसण्यापेक्षा, परवानगी आधीच जोडलेली आहे असे संगीत एका जागी जमवावे, हा त्यामागचा विचार होता. आणि रेडिओवाल्यांनी जमवलेले असल्यामुळे तिथे सरसकट भरणा न होता निवड झाली. सुरुवातीच्या काळात सिॲटलचे केईएक्सपी, लॉस एंजेलिसचे डब्लॅब अशी केंद्रे क्युरेटर म्हणून सहभागी होती आणि त्यांनी ऐकून निवडलेले संगीत त्यांच्या नावाच्या पानावर दिसत असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये निधीअभावी हा संग्रह बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने त्याची प्रत जपण्याची सोय केली. पुढे २०१९ मध्ये नेदरलँड्समधील ट्राइब ऑफ नॉइज या संस्थेने तो हाती घेतला आणि आज तीच तो चालवते.

ऐकून निवडणारा माणूस असणे हे या सेवेचे सर्वांत मोठे बळ आहे आणि ते मला एका वाईट अनुभवानंतर जास्त कळले. समाजमाध्यमांवर आम्हाला वारंवार निरोप येतात की अमुक रक्कम भरा, तुमची रचना इतक्या हजार श्रोत्यांच्या यादीत घालतो. एकदा आम्ही दीड हजार रुपये भरून पाहिले. आकडा तीन दिवस वाढला आणि चौथ्या दिवशी जागच्या जागी थांबला. नंतर पाहिले तर हलगीवर बांधलेली आमची द्रुत लयीची रचना त्यांनी गाढ झोपेसाठीच्या संगीताच्या यादीत घातली होती. ज्याने ती तिथे घातली त्याने तिचे पहिले दहा सेकंदही ऐकले नसणार, हे उघड होते. पैसे गेल्याचे वाईट वाटले, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते आमच्या हलगीवाल्याला हे सांगताना.

आपल्या भागाला निवड करणाऱ्या कानांची ओळख नव्याने करून द्यायला नको. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत हजेरी लावायला मिळणे हा आजही कलाकाराला मान वाटतो, कारण समोर बसलेल्यांना ऐकता येते. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर आवाजाची चाचणी दिलेले कितीतरी लोक आमच्या ओळखीत आहेत आणि त्या चाचणीत नापास झाल्याची खंत त्यांना आहे, पण राग नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा आमच्याच जत तालुक्यातली येरळावाणी ही सामुदायिक रेडिओ केंद्रे गावातल्या माणसाचा आवाज गावाला ऐकवतात, आणि तोही कुणीतरी तो आवाज आधी ऐकलेला असतो म्हणूनच. फ्री म्युझिक आर्काइव्ह मला या कुळातले वाटते. तिथे रचना देताना ती आपलीच आहे आणि परवाना देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे याची हमी द्यावी लागते. ही अट मला जाचक वाटली नाही, कारण तिच्यामुळेच घेणारा निर्धास्त राहतो.

आम्ही पहिली रचना दिली ती म्हणजे तंबोऱ्याचा बावीस मिनिटांचा सलग नाद. रचना म्हणावी असे त्यात काही नाही, असे आमच्या तबलजींचे म्हणणे होते. पण मला वाटत होते की मिरजेने जगाला द्यावी अशी पहिली गोष्ट तीच. तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून नुकताच जवारी काढून, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद खुलवून, आणलेला होता. रात्री दोन वाजता, मालट्रकांची वर्दळ थांबल्यावर, पंखा आणि फ्रीज बंद करून आम्ही बसलो. मायक्रोफोन भोपळ्यापासून एका वितेवर ठेवला तर खर्जाची तार सगळे गिळून टाकत होती. तो घोडीच्या बाजूला, थोडा वर धरला तेव्हा जवारीतून उमलणारा गंधार स्पष्ट ऐकू येऊ लागला. पहाटेच्या गारव्याने तारा चढल्या, म्हणून मणी सरकवून दोनदा सूर मिळवावा लागला, आणि शेवटी सलग बावीस मिनिटे एकही कुत्रे न भुंकता गेली ती पावणेपाचच्या सुमारास.

ती रचना पाठवताना मला जो धडा मिळाला तो कुठल्याही मार्गदर्शक पानावर इतक्या थेट लिहिलेला नसतो. आपण तंबोरा म्हणतो, पण जग तानपुरा या नावाने शोधते. म्हणून शीर्षकात आणि शोधशब्दांत तानपुरा असायलाच हवा, आणि तंबोरा व मिरज हे शब्द वर्णनात हवेत. आपण काळी एक म्हणतो. पण ऐकणाऱ्याला तो स्वर पाश्चात्त्य पद्धतीने सी शार्प असा लिहिलेला लागतो, कारण त्याला आपल्या गिटारबरोबर किंवा कीबोर्डबरोबर तो जुळवून पाहायचा असतो. तालाच्या रचनेत तीनताल मध्यलय एवढे लिहून भागत नाही, मिनिटाला किती मात्रा हेही लिहावे लागते. कलाकारांची नावे रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक रचनेत अक्षरे तीच ठेवावी लागतात, नाहीतर एकाच माणसाचे तीन कलाकार तयार होतात. आमच्या सतारवाल्याचे तसे झाले होते आणि ते निस्तरण्यात माझा एक रविवार गेला. क्युरेटर कितीही मन लावून ऐकणारा असला, तरी सतारीच्या आलापातून त्याला हे सगळे आपोआप कळणार नाही. वर्णन हा आपल्या बाजूने त्याच्याशी होणारा संवाद आहे, आणि मराठी कलाकार तिथेच सर्वांत जास्त हात आखडता घेतात.

आता परवान्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि आज रूढ असलेली ४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मधली आहे. मुख्य परवाने सहा आहेत आणि ते चार अटींच्या जुळणीतून तयार होतात. श्रेय द्या, ही अट सहाही परवान्यांत आहे. त्याशिवाय, रूपांतर केले तर ते याच परवान्याखाली द्या, व्यावसायिक वापर करू नका, आणि रूपांतर वाटू नका, अशा तीन अटी हव्या तशा जोडता येतात. फक्त या तिन्हींतली पहिली आणि शेवटची एकत्र येत नाहीत. यांपलीकडे सर्व हक्क सोडून देणारा सीसी झिरो हा पर्यायही आहे.

नवखा कलाकार स्वाभाविकपणे सर्वांत कडक परवाना निवडतो, म्हणजे व्यावसायिक वापर नाही आणि रूपांतरही नाही. आम्हीही आधी तसेच केले, आणि नंतर आमच्या लक्षात आले की आम्ही दार उघडून लगेच कडी घातली होती. ४.० आवृत्तीच्या मजकुरात स्पष्ट म्हटले आहे की ध्वनिमुद्रण चलचित्राच्या वेळेशी जुळवून जोडले की ते रूपांतर ठरते. म्हणजे रूपांतराला मनाई असलेली रचना एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या लघुपटाखाली वापरून तो लघुपट दाखवता येत नाही, तो एक पैसाही कमावत नसला तरीसुद्धा. मुक्त परवान्याच्या संगीताला आज सर्वाधिक मागणी चित्रफितींसाठीच असताना ही अट घालणे म्हणजे तो सगळा वर्ग गमावणे आहे. व्यावसायिक वापराला मनाई केली, तर विकिपीडियाला चित्रे आणि ध्वनी पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर ती रचना ठेवता येत नाही, कारण तिथे व्यावसायिक वापराची आणि रूपांतराची मुभा असलेलेच साहित्य स्वीकारले जाते. मराठी विकिपीडियावरच्या तंबोऱ्याच्या लेखात मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद ऐकू यावा असे वाटत असेल, तर आपल्याला तेवढे उदार व्हावे लागते. आम्ही तंबोऱ्याचा नाद केवळ श्रेयाच्या अटीवर दिला आणि मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. अमेरिकेतील केविन मॅक्लाउड हा संगीतकार याच एका अटीवर आपले संगीत देत आला आहे, आणि चित्रफिती पाहणाऱ्या बहुतेकांनी नाव माहीत नसतानाही त्याचे काही ना काही ऐकलेले असते.

मात्र हा परवाना परत घेता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितले पाहिजे. उद्या आपण रचना काढून टाकली, तरी ज्याने ती त्या अटींवर घेतली त्याचा अधिकार कायम राहतो. म्हणून सहकलाकारांची संमती आधी आणि लेखी घ्यावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्या कलाकाराला स्वतंत्र हक्क दिलेला आहे, तेव्हा मुख्य गायकाने होकार दिला म्हणजे तबल्याचा होकार मिळाला असे होत नाही. शब्द आणि चाल यांचेही वेगवेगळे पाहावे लागते. लेखकाचा आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण त्याला विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने लावलेली प्रसिद्ध चाल बहुधा तशी नसते, आणि आपल्या भजनी मंडळांना हा फरक कुणी सांगितलेला नसतो. आम्ही आमच्या चालीतला एक अभंग दिला आणि दुसरा, सर्वांना आवडणारा, बाजूला ठेवला. तसेच ज्यांनी आपल्या रचनांचे हक्क इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेकडे सोपवले आहेत, त्यांनी तो करार वाचल्याशिवाय इकडे येऊ नये. जे हक्क आपल्याकडे उरलेलेच नाहीत त्यांचा परवाना आपल्याला देता येत नाही.

आमच्या गायिकेने आपल्या आवाजाविषयी वेगळा निर्णय घेतला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. फ्री म्युझिक आर्काइव्हमधल्या संगीतावरून २०१७ मध्ये संशोधकांनी एक मोठा विदासंच (डेटासेट) तयार केला. त्यात १६,३४१ कलाकारांच्या १,०६,५७४ रचना आहेत आणि संगणकाला संगीताचे प्रकार ओळखायला शिकवण्यासाठी तो वापरला जातो. मुक्त परवान्यामुळेच असे संशोधन शक्य झाले. मला वाद्यांच्या बाबतीत त्यात गैर वाटले नाही, पण आपला गळा यंत्राच्या शिकवणीत जावा की नाही हे ठरवायला आपल्याला अजून वेळ हवा, असे ती म्हणाली. तिच्या सर्व रचना आम्ही संग्रहाबाहेर ठेवल्या. अपवाद फक्त एका आलापाचा, आणि तो तिने स्वतः निवडला.

तो आलाप गेला सीसीमिक्सटरवर. २००४ पासून चालू असलेल्या या ठिकाणी लोक एकमेकांचे आवाज आणि तुकडे घेऊन नव्या रचना बांधतात. वाद्यांची साथ नसलेला मोकळा गळा तिथे सर्वांत मोलाचा मानला जातो. कोणती रचना कोणाच्या तुकड्यांवर उभी आहे आणि त्या रचनेतून पुढे कोणी काय घेतले, ही वंशावळ प्रत्येक पानावर दोन्ही दिशांनी दिसते. पोलंडमधल्या एका संगीतकाराने तो आलाप घेतला, त्याखाली चेलोसारख्या वाद्याचा संथ आधार दिला आणि आम्हाला कळवले. त्याने कोमल ऋषभ लागतो त्या जागा ओळखून तिथे आपले वाद्य पूर्ण थांबवले होते. राग कोणता हे त्याला ठाऊक नव्हते, तरी ते त्याने केले होते. गायिकेने ते हेडफोन लावून तीनदा ऐकले आणि चौथ्यांदा आपल्या आईला ऐकवले. पैशाने विकत घेतलेल्या त्या हजारो श्रोत्यांपेक्षा हा एक श्रोता आम्हाला कितीतरी मोठा वाटतो.

फ्री म्युझिक आर्काइव्हच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सर्वांत मोठी उणीव वर्गीकरणाची आहे. वर उल्लेख केलेल्या विदासंचात संगीताचे १६१ प्रकार आहेत. त्यांत रॉक आणि इलेक्ट्रॉनिक यांच्या बारीकसारीक शाखा आहेत, पण आपले सगळे संगीत आंतरराष्ट्रीय या एका छत्राखाली, भारतीय, बॉलीवूड, उत्तर भारतीय पारंपरिक आणि दक्षिण भारतीय पारंपरिक एवढ्या चार खणांत बसवलेले आहे. ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभे केले, तिथल्या माणसाला नाट्यसंगीतासाठी खण नाही याचे वाईट वाटणारच. आणि लावणी, भारूड, गोंधळ, धनगरी ओव्या यांना पारंपरिक हा एकच शब्द कसा पुरेल? याला खरा उपाय एकच, तो म्हणजे त्या खणात आपल्याकडून इतके काही जाणे की तो फोडावा लागेल. दुसरी उणीव तांत्रिक आहे. संगीत एमपीथ्री स्वरूपात मिळते, जे ऐकायला पुरेसे आहे पण जपायला नाही. मूळ वेव्ह फाइल आम्ही इंटरनेट आर्काइव्हवर ठेवतो, आणि २०१८ मध्ये काय होऊ घातले होते ते पाहता प्रत्येकाने तसे करावे.

एक सावधगिरी मला स्वतःच्या अनुभवावरून सांगायची आहे, जरी त्यात या संग्रहाचा दोष नाही. आमच्या तंबोऱ्याच्या नादावर कुणीतरी गाणे रचले, ते योग्य श्रेय देऊन रचले, पण त्यांच्या वितरक कंपनीने ते चित्रफितींतले संगीत हुडकणाऱ्या स्वयंचलित ओळखयंत्रणेत नोंदवताना आमचा नादही त्यांचाच म्हणून नोंदवला. परिणामी, आम्ही आमच्याच वाद्याची चित्रफीत टाकली तेव्हा आमच्यावरच हक्कभंगाचा दावा आला. तो मागे घ्यायला लावण्यासाठी तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. त्या वेळी उपयोगी पडली ती संग्रहातल्या पानावरची तारीख, परवान्याचे नाव आणि माझी नोंदवही. तेव्हापासून प्रत्येक रचना सर्वांत आधी संग्रहात आणि मगच इतरत्र, हा क्रम आम्ही मोडत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. मोफत उतरवून घेण्यातून कमाई होत नाही आणि ती अपेक्षा धरून कुणी इथे येऊ नये. आम्ही पूर्ण मैफली बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर विकतो, जिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के कमिशन कापले जाते, आणि संग्रहातल्या वर्णनात त्या पानाचा पत्ता देतो. मात्र तिथला व्यवहार पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवरून होतो, आणि भारतातल्या भारतात पेपालवरून पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे. त्यामुळे आमचे जे थोडे ग्राहक आहेत ते परदेशातले आहेत आणि सांगलीच्याच विश्रामबागेतला चाहता अजूनही रोख पैसे हातात ठेवतो.

ज्याची उपजीविका ध्वनिमुद्रणाच्या विक्रीवर अवलंबून आहे, त्याला मी आपले सगळे काम इथे देण्याचा सल्ला देणार नाही. दोन-तीन रचना निवडून द्याव्यात आणि काय होते ते वर्षभर पाहावे. ज्यांची खरी कमाई शिकवण्यावर, कार्यक्रमांवर किंवा वाद्ये बनवण्यावर आहे, त्यांनी मात्र फार विचार करत बसू नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कागदावर मिळाले. पण तो नाद कसा असतो हे दूरच्या माणसाला ऐकूनच कळणार आहे, आणि तो कायदेशीररीत्या उतरवून घेऊन वापरता येईल अशा मिरजेत मुद्रित केलेल्या नादांची आज फार मोठी कमतरता आहे.

या पावसाळ्यानंतर आम्ही सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात जवारी काढण्याचे ध्वनिमुद्रण करणार आहोत. घोडीवर कानस फिरल्याचा खरखरीत आवाज, मग तार छेडून पाहणे, पुन्हा कानस, आणि बोथट नाद हळूहळू उघडत जाणे, असे ते साधारण पाऊण तास चालेल. संमतीपत्र घेऊन गेलो तेव्हा कारागिराने परवान्याच्या बाकीच्या अटी माझ्याकडून नीट समजून घेतल्या, त्यांबद्दल हरकत घेतली नाही, आणि श्रेयाच्या ओळीवर बोट ठेवून विचारले की इथे वडिलांचे नाव आधी लिहिता येईल का, कारण हात त्यांचा आहे. मी तिथेच त्यांच्यासमोर दोन्ही नावे रोमन अक्षरांत लिहून घेतली आणि त्यांच्या मुलाकडून स्पेलिंग तपासून घेतले.